तुमच्या नावाचा पेला

भाऊजी,

तुमच्या तेराव्याला तुमच्याच माडाची माडी वाटली गेली. त्या दुपारपासून मी घाबरलेली आहे. रडू येईल असं वाटलं होतं, ते अजून नीट आलेलं नाही. भीतीनं त्याची जागा अडवून ठेवली आहे.

तुम्ही गाडीच्या अपघातात गेला नाहीत. केळींना पाणी सोडून वाफ्याच्या कडेला टेकलात आणि उठला नाहीत. हे आधीच लिहून टाकते, कारण तुम्ही असतात तर हेच पुढे केलं असतंत. "बघा पत्रकारबाई, तुमच्या कलमानं काही मला नेलं नाही." मेहुणीला नावानं हाक मारायची नाही हा तुमचा नेम होता. मी वर्तमानपत्रात नोकरीला लागले त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी पत्रकारबाई झाले आणि शेवटपर्यंत तीच राहिले.

आपला वाद एकाच गोष्टीवर होता. सणाला, वाढदिवसाला, काहीच नसलं तरी रविवारी मी विरारहून गासला तुमच्याकडे यायचे. तुम्ही पडवीत बसलेले असायचात, शेजारी स्टीलचा पेला. पेल्यावर तुमचं नाव कोरलेलं होतं, 'जगन्नाथ'. लग्नात मिळालेल्या भांड्यांपैकी तेवढाच एक उरला, असं ताई सांगायची. सकाळी माडावरून उतरवलेली माडी त्यात असायची, पांढरट, वर बारीक फेस. ती संपवून तुम्ही गाडी काढायचात आणि भाजी घेऊन सोपाऱ्याच्या बाजारात जायचात.

एकदा मी लिहिलेली तीन ओळींची बातमी तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवलीत. मद्यप्राशन करून वाहन चालवणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केली, एवढीच ती बातमी होती. वाचून झाल्यावर कागद उलटा करून पाहिलात.

"यात माडी कुठं लिहिलंय?"

"व्हिस्कीही लिहिलेली नाही," मी म्हणाले.

"व्हिस्की लिहावी लागत नाही. ती दारूच आहे. माडी म्हणजे झाडाचा रस."

मी तुम्हाला मोटार वाहन कायद्याचं कलम एकशे पंच्याऐंशी सांगितलं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर गुन्हा, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कोणतं पेय, कुठलं झाड, हे कायदा विचारत नाही. पोलिसांच्या हातातलं यंत्रही विचारत नाही. सूर्य उगवायच्या आत काढलेली माडी गोड असते, पण ऊन चढेल तशी ती आंबत जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"म्हणजे तीसपर्यंत सरकारची परवानगी आहे," तुम्ही म्हणालात.

"तीसच्या आत गुन्हा नाही."

"मग मी तीसच्या आत."

"कशावरून?"

"माझं मला कळतं. नाडी ठीक तर गाडी ठीक."

ताई आतून ओरडायची, "अहो, तिला चहा तरी पिऊ द्या." आणि वाद तिथेच राहायचा. पुढच्या रविवारी मी नवी बातमी घेऊन यायचे, तुम्ही नवा दृष्टान्त.

तुमच्याकडे सगळ्यात भारी दृष्टान्त एकच होता, आणि तो माझ्याच घरातला होता. पूर आला होता त्या सकाळी सतीशच्या छातीत कळ आली. आमच्या इमारतीखाली गुडघाभर पाणी, रुग्णवाहिका येईना, रिक्षावाले हात वर करत होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही तुमची उंच जुनी गाडी पाण्यातून आमच्या जिन्यापर्यंत आणलीत. सतीशला उचलून मागच्या सीटवर ठेवताना तुमच्या श्वासाचा आंबूस वास मला आला. मी गाडीत बसले. दुसरं कोणी येणार नव्हतं. तुम्ही आम्हाला दवाखान्यात पोचवलंत आणि माझा नवरा वाचला. आज तो स्वयंपाकघरात भांडी लावतो आहे, त्याचा आवाज मला इथे ऐकू येतो. हे ऋण मी कुठल्याही कलमाखाली विसरणार नाही.

त्यानंतर वाद रंगात आला की तुम्ही फक्त विचारायचात, "त्या दिवशी झालं का काही?" वर्तमानपत्रात घडलेलं छापून येतं. गाडी नीट घरी पोचली, ही बातमी होत नाही. त्यामुळे पेला रिकामा करून गाडी चालवणाऱ्या प्रत्येक माणसाकडे, काहीच न झालेल्या दिवसांचा भला मोठा पुरावा जमलेला असतो. मला त्या पुराव्याची तेव्हाही भीती वाटायची.

माझ्या ओवीला गाडी तुम्ही शिकवलीत. भात कापून झालेल्या शेतांमधल्या रस्त्यावर, हिवाळ्यात, सकाळी. डॅशबोर्डवर तुम्ही सायकलच्या ट्यूबची कडी चिकटवली होतीत. तिच्यात हाच पेला बसवायचात, काठापर्यंत पाण्यानं भरलेला. थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी ओवीचे गुडघे भिजले आणि ती रडकुंडीला आली. तुम्ही म्हणालात, "क्लच सोडताना तूही श्वास सोड. गाडीला कळतं आत बसलेला माणूस घाबरलाय ते." हिवाळा संपला तेव्हा ती बाजाराच्या रस्त्यानं पेला घेऊन आली आणि पाणी जिथल्या तिथे होतं. मलाही शिकवतो म्हणाला होतात. मी हसून टाळलं. माझं काम गाड्यांबद्दल लिहिण्याचं, चालवण्याचं नाही, असं काहीतरी बोलले होते.

आता तेराव्याचं सांगते. तुम्ही नव्हतात, म्हणून.

जेवणं झाली, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले. मग तुमच्या मुलानं, तेजसनं, विहिरीजवळ सावलीत ठेवलेला कॅन अंगणात आणला. सकाळी उतरवलेली माडी, दुपारपर्यंत सावली सरकून कॅन उन्हात आला होता. तुमच्या घरातली पद्धत मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाच्या आवडीची वस्तू त्याच्या नावानं सगळ्यांनी तोंडाला लावायची. ताईच्या सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी दातांना मिश्री लावली होती आणि ओवीला उचकी लागली होती. तशीच ही. स्टीलचे पेले फिरले. बाहेर माडांच्या रांगेखाली स्कूटर, मोटारसायकली, गाड्या लागल्या होत्या. कोणी जूचंद्रहून आलं होतं, कोणी नंदाखालहून. प्रत्येकाच्या एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात किल्ली होती.

तुमचा पेला तेजसनं ओवीला दिला. "तू घे. काकांची लाडकी होतीस." तिनं तो रिकामा केला. त्यानं पुन्हा भरला. तिनं पुन्हा रिकामा केला.

बाहेर तुमची गाडी तयार होती. ती ओवीला द्यायची, हे तुम्हीच सांगून ठेवलं होतंत. त्यातून ताईला आमच्याकडे न्यायचं होतं. तेराव्याला माहेरच्यांनी तिला घेऊन जायचं आणि एकदा उंबरा ओलांडला की रात्र उलटल्याशिवाय तिनं मागे फिरायचं नाही, हे तुमच्या आत्यानं सकाळपासून बजावलं होतं. ताई कोणाकडे न बघता मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

मी ओवीला म्हणाले, "आपण रिक्षानं जाऊ."

"का?"

"दोन पेले घेतलेस."

तेजस हसला. "मावशी, माडी आहे ती. ताकासारखी."

आत्या म्हणाली, "जगूच्या नावाचा घोट तो. त्याला काय दारू म्हणायची गं?"

तेराव्याच्या अंगणात, तुमच्या माणसांसमोर, तुमच्या नावाला दारू कशी म्हणणार होते मी? तरी म्हटलं. म्हटलं, हो, दारूच आहे. मग ओवी शांतपणे पंपाकडे गेली, पेला पाण्यानं भरून आणला आणि डॅशबोर्डवरच्या कडीत बसवला. "काकांची परीक्षा देते," ती म्हणाली. "एक थेंब सांडला तरी आपण रिक्षा करू. चालेल?"

मी पुढच्या सीटवर बसले, पेल्यासमोर.

भाऊजी, तिनं फार छान गाडी चालवली. अंगणातून वळण काढलं, मोरीवरून नेली, खड्डा चुकवला. पाण्याचा काठ पेल्याच्या काठाला चिकटून होता. माझे डोळे त्यावरून हलत नव्हते. मी मनात आकडे करत होते. ओवीचं वजन, दोन पेले, दुपारचं ऊन, भरल्या पोटी. तीसच्या आत की बाहेर? नाक्यावर कोणी थांबवलं तर यंत्र काय दाखवील? मला भीती वाटत होती ती त्या यंत्राची. मुलीवर गुन्हा नोंदला जाईल याची. रस्त्याकडे मी बघतच नव्हते.

"बघ आई," ओवी म्हणाली. "थेंबसुद्धा नाही."

तेवढ्यात पालकाच्या वाफ्यातून डोक्यावर भारा घेतलेली एक बाई रस्त्यावर आली.

ती एकदम आली नाही. हे मी नेमकं लिहिते, कारण नंतर सगळे वेगळं सांगतील. ती बांधावरून चालत येताना ताईला मागच्या सीटवरून दिसली होती. ती कडेला थांबली, भारा सावरला आणि मग रस्त्यात उतरली. ओवीनं तिला पाहिलं. पाहिलं आणि ब्रेक दाबला, या दोन गोष्टींच्या मध्ये एक जागा रिकामी गेली. ती किती मोठी होती ते मला सांगता येणार नाही. गाडी थांबली तेव्हा पेल्यातलं सगळं पाणी माझ्या मांडीवर होतं, आणि काचेसमोर नुसता हिरवा भारा दिसत होता. बाई दिसत नव्हती.

ती वाकली होती. निसटलेली जुडी उचलायला.

"डोले हायेत का बटनं, पोरी?" ती उभी राहत म्हणाली. मग तिनं आत पाहिलं. भीमाबाय होती ती, तुमच्या शेजारच्या वाडीची. ताईला बघून तिचा आवाज एकदम उतरला. "अगो बाय, तू हायस व्हय. चुकलं माजं. मीच मधी आली."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले.

"नाय नाय, मीच. जा तुमी. माहेरी चालली ना ती? थांबवू नका तिला." ती खिडकीशी आली, ताईच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या नाकाला वास लागला. भीमाबाय हसली. "माडी वाटली ना जगूभाऊची? माज्या वाट्याची ठेवा हां. सांजच्याला येते मी."

जिच्या अंगावर आम्ही गाडी घालणार होतो तिनं माफी मागितली आणि वर आपला वाटा राखून ठेवायला सांगितलं. एवढी वर्षं मी बातम्यांतून 'मद्यधुंद' हा शब्द काढत आले. पुराव्याशिवाय तो छापू नये म्हणून. ओवी धुंद नव्हती. तिचे हात स्थिर होते, बोलणं स्पष्ट होतं, तुमच्या परीक्षेत ती पास झाली होती. कदाचित ती तीसच्याही आत असेल. म्हणजे यंत्रानं तिला जाऊ दिलं असतं, आणि भीमाबाय तिथे तशीच वाकलेली असती.

तुम्हाला मी ती तीसची रेघ समजावत राहिले, भाऊजी. गुन्हा कुठे सुरू होतो तेवढंच ती सांगते. धोका तिच्या अलीकडे सुरू होतो, आणि त्या दुपारी तो माझ्या मुलीच्या पायात होता.

ओवीनं गाडी कडेला घेतली, किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मागे फिरायचं तर ताईचा उंबरा आड येत होता. पुढे जायचं तर चालवणारं कोणी नव्हतं. ताई म्हणाली, "त्यांची गाडी मी अशी रस्त्यात टाकून जाणार नाही. उतरेल तिची. बसू या थोडा वेळ." म्हणून आम्ही तिघी पालकाच्या वाफ्यांशेजारी बंद गाडीत बसून राहिलो. येणारेजाणारे वाकून बघत होते, हात जोडून पुढे जात होते. त्यांना वाटलं असेल, आम्ही तुमच्यासाठी रडतोय.

बऱ्याच वेळानं ताई म्हणाली, "तेही असेच बसले होते."

"कोण?"

"हे. पुराच्या दिवशी, तुम्हाला दवाखान्यात सोडून आल्यावर. अंगणात गाडी लावली आणि उतरेचनात. मी काच वाजवली. म्हणाले, मला तो दिसलाच नाही गं."

पाण्यातून एक माणूस हातगाडी ढकलत चालला होता म्हणे. तुमच्या आरशाची कड त्याच्या बाहीला घासून गेली. मी मागे होते, सतीशचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला काहीच कळलं नव्हतं. तुम्ही पुढे काही दिवस पेल्याला हात लावला नाहीत, असं ताई म्हणाली. मग पुन्हा लावलात.

"तू मला कधी बोलली नाहीस."

"बजावलं होतं त्यांनी. नीलाबाईंना सांगू नको, पेपरात छापतील."

नीलाबाई. माझ्या पाठीमागे तुम्ही मला नावानं हाक मारत होतात, हे मला त्या गाडीत कळलं.

मला तुमचा राग आला. अजून आहे. 'झालं का काही?' असं तुम्ही मला विचारत होतात तेव्हा झालेलं तुम्हाला माहीत होतं. मला हरवायला ते लपवलंत, तर माझी हरकत नाही. पण ओवीला सांगायला हवं होतंत. पाण्याचा पेला दिलात, श्वास सोडायला शिकवलंत, आणि जे एकच वाक्य तुम्हाला घाबरवून गेलं होतं ते तेवढं तिला दिलं नाहीत. मला तो दिसलाच नाही. एवढंच शिकवलं असतंत तर पुरलं असतं. मागच्या सीटवर ताईच्या शेजारी जाऊन बसलेली ओवी हे सगळं ऐकत होती. तिनं पेला ओढणीनं पुसला, पुन्हा पुसला.

उन्हं कलल्यावर तिनं विचारलं, "आई, आता उतरली असेल का गं?"

मला तो आकडा पाठ आहे. तो कुठे मोजतात, कसा मोजतात, न्यायालयात त्यावर काय प्रश्न विचारतात, मी सगळं लिहिलेलं आहे. मी म्हणाले, "माहीत नाही."

मग ताईनंच दार उघडलं. भाजी टाकून रिकामी परतणारी रिक्षा तिनं हात करून थांबवली. तुमची गाडी आम्ही कुलूप लावून पालकाशेजारी सोडली. पेला ताईनं पदरात घेतला.

दुसऱ्या दिवशी ओवी जाऊन गाडी घेऊन आली. आता ती पार्टी असो, लग्न असो, गाडी घेऊन गेली तर काही घेत नाही. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. तिची भीती मला कमी वाटते. तेजसची वाटते. सकाळचा पेला त्यानं चालू ठेवला आहे. बाबांची आठवण म्हणून, असं तो म्हणतो, आणि तुमच्यासारखाच हसतो. त्यानंतर पोरीला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडतो. तुमची नात हँडलच्या मधोमध हात धरून उभी असते. सकाळी त्या वेळेला माझा फोन वाजला की मी लगेच उचलत नाही. आधी नाव बघते. मग ताईचा चेहरा बघते. ती अजून आमच्याकडेच आहे, आणि फोन वाजला की तीही माझ्याकडे बघते.

तो ताईला भेटायला आला तेव्हा मी त्याच्याशी बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, बाबांना एवढ्या वर्षांत झालं का काही?"

ताई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तुम्ही तिला बजावलं होतंत, ती तुमचा शब्द मोडणार नाही असं मला वाटलं. ती आत येऊन त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, "झालं होतं."

तेजसनं हात काढून घेतला. पुराच्या दिवसाचं तिनं त्याला सगळं सांगितलं. तो उठून गेला. दुसऱ्या सकाळी त्यानं पेला घेतला की नाही, ते आम्हाला ठाऊक नाही. विचारायचं धाडस अजून आम्हा दोघींना झालेलं नाही.

म्हणून हे लिहिलं. छापून आलं की अंक त्याच्याकडे पाठवणार आहे. तो तुमचाच मुलगा आहे. पडवीत बसून मोठ्यानं वाचील, कागद उलटा करून बघील आणि विचारील, यात माडी कुठं लिहिलंय.

लिहिलंय, भाऊजी. या वेळी लिहिलंय.